दुर्बीण आणि पित्ताशय

दुर्बीण हे नाव आपल्याकडे दूरच्या वस्तू जवळ आणणाऱ्या यंत्राला मिळाले. गडाच्या बुरुजावरून येणारी फौज पाहावी, समुद्रावरचे गलबत ओळखावे, ग्रहताऱ्यांचा वेध घ्यावा, ही तिची मूळची कामे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तिला एक अगदी जवळचे, किंबहुना माणसाच्या पोटातलेच काम मिळाले आहे आणि त्या निमित्ताने हा शब्द घरोघरी उच्चारला जाऊ लागला आहे. ‘पित्ताशयात खडे निघाले, दुर्बिणीतून काढायचे ठरले आहे, साधेच ऑपरेशन आहे, दोन दिवसांत घरी’, हे वाक्य कानांवर आले नाही असे मराठी कुटुंब, मग ते पुण्यात असो, इंदुरात असो की दिल्लीत, आता विरळाच. या वाक्यातील बहुतेक सर्व विधाने बहुतेक वेळा खरी ठरतात. ‘साधे’ हा एक शब्द तेवढा तपासून पाहण्याजोगा आहे.

पित्ताशयाविषयी आपल्या भाषेनेच थोडा घोटाळा करून ठेवला आहे. ‘पित्त झाले’ असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या छातीत जळजळत असते, तोंडाला आंबट पाणी सुटलेले असते. तो सारा जठरातील आम्लाचा खेळ. यकृतात तयार होणारे पित्त निराळे. ते हिरवट-पिवळे व कडू असते, दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर तयार होते आणि एका नळीने आतड्यात उतरून स्निग्ध पदार्थांचे पचन करते. या नळीला वाटेत एक आखूड फाटा फुटतो आणि त्या फाट्याच्या टोकाला लहान वांग्याच्या आकाराची, बोटभर लांबीची एक पिशवी लोंबत असते. तेच पित्ताशय. ते पित्त बनवीत नाही. आलेले पित्त साठवते, आटवून घट्ट करते आणि जेवणानंतर आतड्यात सोडते. ते काढून टाकले तरी यकृताचे पित्त थेट आतड्यात उतरत राहते आणि माणूस सुखाने जेवतो-खातो. मुख्य नळीचे मात्र तसे नाही. तिची रुंदी अवघी पाचसहा मिलिमीटर, आणि तिला पर्याय नाही. पुढे सांगावयाचे ते सारे या एका फरकावर उभे आहे.

पित्ताशयातील पित्ताचे संतुलन बिघडले की त्यात खडे धरतात. उत्तर हिंदुस्थानात हा विकार दक्षिणेपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो. खडा तोंडाशी अडकला म्हणजे उजव्या बरगडीखाली अशी कळ उठते, की सोसणारा माणूसही गडबडा लोळतो. पण सगळेच खडे असे उपद्रवी नसतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या अध्यापकांपैकी ज्यांच्या पित्ताशयात खडे होते पण त्रास काहीच नव्हता अशा १२३ जणांची हकीकत १९८२ साली प्रसिद्ध झाली. वीस वर्षांच्या काळात त्यांतील शंभरी सुमारे अठरांनाच त्या खड्यांपासून पीडा होईल, असा हिशेब त्यावरून निघाला. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी करावी, तीत खडा दिसावा आणि तेवढ्यावरून शस्त्रक्रियेची तारीख ठरावी, हे म्हणूनच बरोबर नव्हे. ज्या शस्त्रक्रियेची गरजच नाही तिच्यातील लहानशी जोखीमही महागच म्हणावयाची.

पित्ताशय काढण्याची कल्पना जुनी आहे. बर्लिनमधील कार्ल लांगेनबुख या शल्यविशारदाने १५ जुलै १८८२ रोजी पहिल्यांदा ते काढले. त्यापूर्वी नुसते खडे काढीत आणि पिशवी तशीच ठेवीत. खडे पुन्हा धरत. पिशवीच काढली पाहिजे हा लांगेनबुख यांचा आग्रह पुढे जगाने मान्य केला आणि शंभर वर्षे उजव्या बरगडीखाली वीतभर छेद घेऊन हे काम चालू राहिले. रुग्ण आठवडाभर रुग्णालयात आणि महिनाभर अंथरुणात, हा त्याचा ठरलेला हप्ता.

१२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतील बब्लिंगेन या गावी एरिख म्यूहे यांनी स्वतः योजून करवून घेतलेल्या नळीवजा उपकरणातून पित्ताशय बाहेर काढले. त्यांचे कौतुक झाले नाही. पुढच्या वर्षी जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली, तेव्हा तिची उपेक्षा झाली. एका रुग्णाच्या मृत्यूवरून त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि १९९० साली ते निर्दोष ठरले. त्याच परिषदेने १९९२ मध्ये त्यांचा सन्मान केला, हा काळाचा न्याय. मधल्या काळात, १९८७ साली, फ्रान्समधील लियों शहरात फिलिप मूरे यांनी हीच गोष्ट केली आणि पॅरिसमार्गे ती जगभर पसरली. हिंदुस्थानात ती आणण्याचे श्रेय मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. तेहेमटन उडवाडिया यांच्याकडे जाते. १९७२ पासून ते निदानासाठी दुर्बीण वापरीत होते. १९९० साली त्यांनी तिच्या साहाय्याने पित्ताशय काढले. ज्याच्या मजुरीवर घर चालते त्या गरीब माणसाला लवकर कामावर जाता येणे अधिक अगत्याचे, म्हणून ही विद्या श्रीमंत देशांपेक्षा गरीब देशांना जास्त उपयोगी, असे त्यांचे सांगणे होते. २०२३ साली ते निवर्तले.

ही शस्त्रक्रिया होते कशी? बेंबीपाशी एक आणि वरच्या बाजूस बहुधा तीन, अशी चार लहान छिद्रे पाडतात. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते तंबूसारखे फुगवितात, म्हणजे आत हात चालवायला जागा होते. हाच वायू घेण्याचे कारण असे, की तो पेट घेत नाही आणि रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे निघून जातो. एका छिद्रातून दुर्बीण आणि कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्यांचे चिमटे व कात्र्या. शल्यविशारद रुग्णाकडे पाहत नाही. समोरच्या पडद्याकडे पाहतो. पित्ताशयाची आखूड नळी आणि तिच्या शेजारची धमनी शोधावयाची, दोन्हींना धातूच्या बारीक चिमट्या लावून त्या कापावयाच्या, मग पिशवी यकृतापासून सोडवून बेंबीवाटे बाहेर काढावयाची, एवढे हे काम.

त्यातील काही उपद्रव किरकोळ असतात. दुसऱ्या दिवशी अनेकांचा खांदा दुखतो. पोट कापले आणि खांदा का दुखतो, म्हणून घरची मंडळी घाबरतात. छाती व पोट यांमधल्या पडद्याची नस आणि खांद्याकडे जाणारी नस यांचे मूळ मानेत जवळजवळ आहे. वायूने पडदा चाळवला की मेंदूला ते दुखणे खांद्याचे वाटते. दोन-तीन दिवसांत ते जाते. पहिले छिद्र पाडतानाचा धोका मात्र किरकोळ नव्हे. वायू भरण्याची सुई हंगेरीतील वेरेश या वैद्याने मुळात क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी तयार केली होती. तिला टोकाशी सरकता बोथट भाग आहे, तरीही ती किंवा तिच्यानंतर जाणारी टोकदार नळी क्वचित आतड्यात किंवा मोठ्या रक्तवाहिनीत शिरते. असे फार विरळा घडते. पण घडले तर मिनिटांचा हिशेब असतो. आधी पोट झालेली शस्त्रक्रिया असेल तर आतडी पोटाच्या भिंतीला चिकटलेली असू शकतात. म्हणून जुना व्रण कशाचा, हे रुग्णाने आपण होऊन सांगितलेले बरे.

आपल्या देशात आणखी एक उपद्रव दिसतो आणि तो कोणाच्या कौशल्याशी नव्हे, तर धुण्या-उकळण्याशी संबंधित आहे. शस्त्रक्रिया उत्तम होते, रुग्ण हसतमुखाने घरी जातो, टाके भरून येतात. आणि तीन-चार आठवड्यांनी बेंबीजवळच्या छिद्रात गाठ येऊन ती पाझरू लागते. नेहमीची औषधे तिला दाद देत नाहीत. क्षयाच्या जंतूंचे दूरचे भाईबंद असलेले काही जंतू पाण्यात राहतात. लांब, पोकळ, सांध्यासांध्यांची उपकरणे नीट उलगडून घासली नाहीत, नुसती औषधी द्रावणात बुडवून साध्या पाण्याने विसळली, म्हणजे हे जंतू त्यांतून पोटाच्या कातडीखाली पोचतात. मग महिनोन्महिने औषधे. दुर्बीण लाखांची आणि उपकरणे धुणाऱ्या कामगाराकडे कोणाचे लक्ष नाही, ही आपल्याकडील सार्वत्रिक गोष्ट येथेही आड येते.

पण या शस्त्रक्रियेचे खरे भय मुख्य पित्तनलिकेचे. आखूड नळी समजून मुख्य नळीच कापली जाणे, हा तो अपघात. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत तो हजारांत एक-दोन वेळा घडे. दुर्बिणीच्या आरंभीच्या काळात तो हजारांत तीन ते पाच वेळा घडू लागला. पुढे अनुभव वाढला तसा तो पुष्कळ ठिकाणी कमी झाला. अमेरिकेच्या दक्षिण भागातील शल्यविशारदांच्या एका मंडळाने १९९१ साली आपल्या १,५१८ रुग्णांचा ताळेबंद छापला. प्रत्येक गटाच्या पहिल्या तेरा रुग्णांत या अपघाताचे प्रमाण शेकडा २.२ होते, नंतरच्यांत शेकडा ०.१. पहिले तेरा रुग्ण म्हणजे तेरा माणसेच, हे आकडे वाचताना विसरता येत नाही. त्या काळी शनिवार-रविवारच्या वर्गात डुकरांवर सराव करून पुढच्या आठवड्यात माणसांवर शस्त्रक्रिया करणारेही होते. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याकडे दोनेक वर्षांत ७ मृत्यू आणि १८५ गंभीर इजांची नोंद झाली, तेव्हा १९९२ साली जाणत्याच्या देखरेखीखाली निदान पंधरा शस्त्रक्रिया केल्याखेरीज स्वतंत्रपणे करू देऊ नये, असे त्या खात्याने सुचविले.

सवय झाली की चूक संपेल, असे वाटणे स्वाभाविक होते. पण निष्णात हातांकडूनही ती होत राहिली. सॅन फ्रान्सिस्को येथील लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २५२ इजांची कागदपत्रे व चित्रफिती तपासून २००३ साली जो निष्कर्ष मांडला, तो विलक्षण आहे. शंभरी सत्त्याण्णव इजांचे मूळ दृष्टीच्या भ्रमात होते. हाताच्या कौशल्यातील उणेपणामुळे झालेल्या इजा शंभरी अवघ्या तीन. शल्यविशारदाने नळी चुकून कापली नव्हती. ती जी आहे असे त्याला दिसत होते, तीच नळी त्याने व्यवस्थित, कुशलतेने कापली होती. पित्ताशय वर आणि बाजूला ताणून धरले म्हणजे आखूड नळी व मुख्य नळी एका रेषेत येतात. सूज असेल तर दोन्हींमधली फट बुजते. पडद्यावरच्या चित्राला खोली नसते आणि चिमट्याच्या लांब दांड्यातून बोटाला स्पर्श कळत नाही. मुख्य नळी मग पित्ताशयातूनच निघाल्यासारखी दिसते.

रज्जुसर्पाचा दृष्टांत आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. अंधुक उजेडात दोरी पडलेली असते आणि पाहणाऱ्याला साप दिसतो. शस्त्रक्रियागृहातील प्रकार याहून अवघड, कारण तेथे उजेड अंधुक नसतो. प्रकाश लख्ख, चित्र कितीतरी पटींनी मोठे. भ्रम होण्यास बाहेरचे कारण दिसत नाही, म्हणूनच तो भ्रम आहे अशी शंका येत नाही. इतकेच नव्हे, तर पुढे एखादी विसंगत गोष्ट दिसली, नळी जरा जाडच आहे, अपेक्षा नसताना आणखी एक नळी समोर आली, तरी मन तिचा अर्थ आधीच्या समजुतीला जुळवून घेते. ‘या रुग्णात जास्तीची नळी आहे’ असे ठरते आणि तीही कापली जाते. कचेरीतल्या पहिल्या टिपणीत एखादा आकडा चुकला, की प्रत्येक वरच्या टेबलावर त्याच्याच आधाराने नवी टिपणी लिहिली जाते आणि सहीपर्यंत पोचेतो त्या आकड्याला वेदवाक्याचे तेज चढते. मनाचा हा व्यवहार जागेप्रमाणे बदलत नाही.

या इजेने माणसाचे काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दुर्बिणीच्या आधीचे आहे. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांचे पित्ताशय १२ एप्रिल १९५३ रोजी लंडनमध्ये पोट उघडून काढण्यात आले आणि त्यात पित्तनलिका दुखावली. त्याच महिन्याच्या अखेरीस दुसरी शस्त्रक्रिया झाली. तीही पुरी पडली नाही. जूनमध्ये त्यांना अमेरिकेत बॉस्टनला नेण्यात आले आणि तेथे रिचर्ड कॅटेल या निष्णात शल्यविशारदाने नळीची दुरुस्ती केली. ईडन बॉस्टनमध्ये अंथरुणाला खिळलेले असतानाच लंडनमध्ये पंतप्रधान चर्चिल यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचा वारस म्हणून ज्याच्याकडे सगळे पाहत होते तो माणूस समुद्रापलीकडे पडलेला. १९५५ साली ईडन पंतप्रधान झाले. पण दुरुस्त केलेली नळी पुन्हा आकसते, पित्त तुंबते, त्यात जंतू वाढतात आणि थंडी भरून ताप येतो; असे ताप त्यांना येत राहिले. सुएझ कालव्याचा प्रश्न पेटलेला असताना, ५ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांचा ताप १०६ अंशांवर गेला. त्या दिवसांतील त्यांच्या निर्णयांवर या आजाराची छाया किती होती, याचा वाद इतिहासकार आजही घालतात. ९ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला आणि त्याच वर्षी पुन्हा बॉस्टनला जाऊन शस्त्रक्रिया करून घेतली. ज्याला देशातील उत्तमातील उत्तम वैद्य उपलब्ध होते, त्याची ही कथा. एखाद्या शेतमजुरावर किंवा कारकुनावर हा प्रसंग येतो तेव्हा तो कोणत्याही इतिहासात नोंदला जात नाही; घर मात्र कर्जात बुडते.

भ्रमावर उपाय म्हणून सेंट लुई येथील स्टीव्हन स्ट्रॅसबर्ग यांनी १९९५ साली एक शिस्त मांडली आणि ती आता जगभर शिकविली जाते. पित्ताशय, यकृत आणि मुख्य नळी यांमधला त्रिकोण चरबी व तंतू काढून स्वच्छ करावयाचा. पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सोडवावयाचा. आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोन, आणि दोनच, वस्तू मोकळ्या दिसल्याखेरीज काही कापावयाचे नाही. तिचे मर्म असे, की नळी ओळखू आली असे वाटणे पुरेसे धरलेले नाही. दुसरे काही असणे शक्यच नाही, असे चित्र समोर उभे राहिले पाहिजे. अनेक जाणते शल्यविशारद कापण्यापूर्वी त्या क्षणाचे छायाचित्र घेऊन ठेवतात.

आणि ते चित्र उभेच राहिले नाही तर? वारंवार सुजून गेलेल्या पित्ताशयात सगळे चिकटून दगडासारखे झालेले असते. अशा वेळी थांबणे हीच विद्या. पिशवीचा वरचा भाग काढून, खडे उपसून, धोक्याचा भाग जागच्या जागी ठेवता येतो. अधिक अनुभवी सहकाऱ्याला बोलावता येते. नुसती नळी घालून तुंबलेला दोष बाहेर काढून दुसरा दिवस पाहता येतो. किंवा पोट उघडता येते. उघडण्याने सगळे सोपे होते असेही नाही, कारण नव्या पिढीला उघड्या शस्त्रक्रियेचा सराव कमी. पण आत हा विचार चालू असताना बाहेरच्या बाकावर काय चालते, तेही पाहण्यासारखे आहे. डॉक्टर बाहेर येऊन म्हणतात, ‘पोट उघडावे लागले.’ लगेच मेहुणे काकांच्या कानाशी लागतात, ‘म्हणजे काहीतरी बिघडवले यांनी.’ बिलाची भाषा सुरू होते. वस्तुतः ज्या शल्यविशारदाला थांबण्याची लाज वाटत नाही, त्याच्याच हाती माणूस सुरक्षित असतो. आणि ती लाज त्याला वाटावी याची तजवीज बाकावरची मंडळी करीत असतात. शस्त्रक्रियेपूर्वीच ‘गरज पडली तर उघडा, आमची हरकत नाही’ एवढे वाक्य घरच्या वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांना मनापासून सांगितले, तर त्याचे मोल सहीच्या कागदापेक्षा अधिक.

ही इजा पुष्कळदा शस्त्रक्रियागृहात कळतच नाही. ती कळते घरी. म्हणून घरी आलेल्या माणसाचा प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा गेला पाहिजे, ही खूणगाठ. पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढली, पोट फुगले, ओकाऱ्या थांबेनात, थंडी वाजून ताप आला, डोळे किंवा लघवी पिवळी झाली, तर ‘वायूचे दुखणे असेल’ म्हणून ओवा-हिंग देत बसू नये. त्याच दिवशी परत जावे. बारीक चिमटी सुटून किंवा यकृताच्या पृष्ठभागावरील एखाद्या सूक्ष्म नळीतून पित्त पाझरत असेल, तर तोंडावाटे दुर्बीण घालून मुख्य नळीत छोटी नळी बसविली की बहुधा भागते. मुख्य नळीत उतरलेला खडाही याच वाटेने निघतो. आतड्याला विजेच्या उपकरणाचा चटका बसलेला असेल तर तो दोन-चार दिवसांनी फुटतो, आणि तेथे उशीर परवडत नाही. मुख्य नळीच कापली गेली असेल तर आतड्याचा एक फाटा वर आणून यकृताच्या नळीला जोडावा लागतो. हे काम नित्य करणाऱ्याच्याच हाती द्यावे. ज्याच्या हातून इजा झाली त्याने भरपाई म्हणून स्वतःच घाईने दुरुस्ती करू जाणे, हा दुसरा अपघात असतो. रुग्णाला मोठ्या केंद्राकडे तत्काळ पाठविणारा डॉक्टर आपली चूक झाकीत नाही, हे नातेवाइकांनी ओळखावे.

राहिली एक गोष्ट. शस्त्रक्रिया संपली की खडे एका लहान बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती देण्याची आपल्याकडे रीत आहे. बाटली घरी येते, शेजारीपाजारी ती हलवून पाहतात आणि खडे मोजतात. ज्या पिशवीतून ते निघाले ती मात्र कोठे गेली, हे कोणी विचारीत नाही. गंगा-यमुनेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग इतर प्रदेशांच्या मानाने अधिक आढळतो आणि कित्येकदा तो खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयातच प्रथम सापडतो. म्हणून ती पिशवी तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेली की नाही, आणि घरी नेण्याच्या कार्डावर पित्ताशय पूर्ण काढले की त्याचा काही भाग मागे ठेवला हे लिहिले आहे की नाही, एवढे विचारूनच रुग्णालयाचा जिना उतरावा.